मोल्ली, मोल्काहेते आणि मिरची : मेक्सिकोतील गृहपाकाचा एक ऐतिहासिक विचार

मिरची पोर्तुगीजांनी भारतात आणली, हे विधान आता सर्वपरिचित झाले आहे. ते खरेही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्याने समाधान वाटू नये. वनस्पती एका भूखंडातून दुसऱ्या भूखंडात गेली, एवढेच त्यावरून कळते. ती ज्या पाकपद्धतीचा भाग होती, त्या पद्धतीचे काय झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात मिरचीच्या मूळ भूमीतील, म्हणजे मेक्सिकोतील, घरगुती वाटणाचा विचार करावयाचा असून त्याच्या प्रकाशात वरील प्रश्न पुन्हा मांडावयाचा आहे.

१

आज मनुष्याने लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या पाच जाती मानल्या जातात. त्या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. त्यांपैकी जगभर सर्वाधिक पसरलेली जाती मेक्सिकोत माणसाळली गेली. इ. स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पुरातत्त्व, भाषाशास्त्र, परिस्थितिविज्ञान आणि अनुवंशशास्त्र या चारही दिशांचा पुरावा एकत्र करून मध्य-पूर्व मेक्सिकोचा प्रदेश त्या दृष्टीने निश्चित करण्यात आला. नैऋत्य एक्वादोरमध्ये दळणाच्या दगडांवर व भांड्यांवर मिरचीच्या पिष्टकणांचे जे अवशेष मिळाले, ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. दगडावर मिरची वाटण्याची क्रिया लिखित इतिहासाहून किती प्राचीन आहे, हे यावरून दिसून येते.

आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील शब्दही याच निष्कर्षास पुष्टी देतात. ‘चिल्ली’ म्हणजे मिरची. ‘मोल्ली’ म्हणजे वाटून केलेले कालवण किंवा रस्सा. या दोहोंच्या संयोगाने ‘चिल्मोल्ली’ हा शब्द झाला. आवाकात्ल या फळाच्या मोल्लीस ‘आवाकामोल्ली’ म्हणत; आजचा ‘ग्वाकामोले’ हा त्याचाच अपभ्रंश होय. ज्या तीन पायांच्या पाषाणपात्रात हे वाटण होई, त्याचे नाव ‘मोल्काशित्ल’, म्हणजे शब्दशः मोल्लीचा वाडगा. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘मोल्काहेते’ झाले. मुठीत धरावयाच्या बत्त्यास ‘तेहोलोते’, मका वाटण्याच्या पाट्यास ‘मेताते’ आणि भाजण्याच्या तव्यास ‘कोमाल’ ही नावे आजही रूढ आहेत. राज्य गेले, धर्म बदलला, बहुतेकांची भाषाही बदलली. परंतु स्वयंपाकघरातील उपकरणांनी आपली जुनी नावे सोडली नाहीत.

२

लिखित साधनांत फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो द साआगून याचा बारा भागांचा ग्रंथ सर्वांत महत्त्वाचा होय. स्थानिक विद्वानांच्या साहाय्याने नाहुआत्ल व स्पॅनिश भाषांत सिद्ध झालेले त्याचे हस्तलिखित इ. स. १५७७ च्या सुमारास पूर्ण झाले आणि ते सध्या फ्लॉरेन्स येथे आहे. त्याच्या दहाव्या भागात बाजारातील मिरचीविक्रेत्याचे वर्णन येते. चांगला विक्रेता कोणता आणि नासकी मिरची गळ्यात बांधणारा कोणता, हेही तेथे सांगितले आहे. तयार कालवणे विकणाऱ्यांच्या मालात धुरावलेल्या मिरचीचे, पिवळ्या मिरचीचे, सौम्य लाल मिरचीचे, टोमॅटोचे व भोपळ्याच्या बियांचे असे निरनिराळे प्रकार नोंदलेले आहेत. तिखट म्हणजे नुसता दाह, अशी कल्पना त्या समाजात नव्हती. रंग, धूर, गर आणि तिखटपणाची प्रत यांचा सूक्ष्म भेद तेथे केला जात असे.

इ. स. १५४१ च्या सुमारास तयार झालेल्या मेन्दोसा चित्रग्रंथात करभाराच्या यादीत वाळलेल्या मिरचीची ओझी दिसतात. त्याच ग्रंथात अकरा वर्षांच्या अपराधी मुलास मिरचीच्या धुरीवर धरल्याचे चित्रही आहे. धार्मिक उपवासाच्या काळात मीठ आणि मिरची वर्ज्य करीत. मिरची राजाच्या भांडारात, घराच्या शिस्तीत आणि व्रताच्या नियमात अशी तिन्ही ठिकाणी होती. म्हणून तिला केवळ मसाल्याचा पदार्थ मानणे अपुरे ठरते.

या सर्व साधनांचे एक वैगुण्य मात्र ध्यानी घेतले पाहिजे. कर मोजणाऱ्यांनी ओझी मोजली, धर्मोपदेशकांनी चालीरीती टिपल्या. परंतु वाटण प्रत्यक्ष करणाऱ्या स्त्रीने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. मेक्सिकोतील पहिला मुद्रित पाकग्रंथ इ. स. १८३१ मध्ये, स्वातंत्र्यप्राप्तीनंतर दहा वर्षांनी, निघाला. मधल्या तीन शतकांची परंपरा हातातून हातात आली. म्हणून येथे कृती हाच पुरावा मानावा लागतो.

ती कृती पाहावी. टोमॅटो व हिरव्या मिरच्या कोमालवर काळे डाग पडेपर्यंत भाजतात. मोल्काहेतेमध्ये प्रथम लसूण व खडे मीठ घालून वाटतात, कारण मिठाच्या खरखरीने लसूण लवकर बारीक होतो. नंतर मिरची आणि सर्वांत शेवटी टोमॅटो घालतात. उलट क्रमाने गेल्यास रसामुळे मिरची निसटत राहते. वाळलेल्या मिरच्यांची रीत निराळी आहे. त्या क्षणभरच शेकून गरम पाण्यात भिजवतात व मग वाटतात. अधिक शेकल्यास कडवटपणा येतो. आन्चो किंवा ग्वाहियो या वाळलेल्या मिरच्यांचा गर रश्श्यास दाटपणा देतो, आणि चिपोत्ले ही धुरात वाळवलेली हालापेन्यो मिरची त्यास धुराचा वास देते. यांपैकी लसूण, कांदा व कोथिंबीर हे जिन्नस स्पॅनिश लोकांबरोबर आले. वाटणाचा क्रम व साधने मात्र देशी राहिली.

तिखटपणाचे मूळ असलेले कॅप्सेसिन हे द्रव्य मुख्यतः फळाच्या आतील पांढऱ्या शिरांत असते, बियांत नव्हे. विल्बर स्कोव्हिल याने इ. स. १९१२ मध्ये तिखटपणाचे मोजमाप करण्याची पद्धत सांगितली. त्यापूर्वी इ. स. १८६८ पासून लुईझियानात एडमंड मॅकिलेनी याने मिरची व व्हिनेगर यांचे टबॅस्को हे बाटलीबंद सॉस विकावयास आरंभ केला होता. बाटलीतील सॉस टिकाऊ आणि एकाच चवीचे असावे लागते. घरचे वाटण त्याच दिवशी संपते, आणि त्याची चव त्या दिवशीच्या मिरचीवर व वाटणाऱ्या हातावर अवलंबून असते.

३

आता भारताकडे वळू. कोलंबसाने १५ जानेवारी १४९३ च्या नोंदीत कॅरिबियन बेटांतील ‘आही’ हीच तेथील मिरी असल्याचे म्हटले आहे. तो काळ्या मिरीच्या शोधात निघाला होता. जे सापडले त्यास त्याने शोधलेल्या वस्तूचेच नाव दिले. भारतात तंतोतंत हेच घडले. मराठीतील ‘मिरची’, तमिळमधील ‘मिळगाय्’, कन्नडमधील ‘मेणसिनकायि’ हे सर्व शब्द मिरीवाचक शब्दांपासून बनले आहेत. हेन्ड्रिक व्हान रेड याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ (१६७८–१६९३) या ग्रंथात मिरचीचे मलबारी नावही ‘मोलागो’ म्हणजे मिरी या शब्दावरच आधारलेले आहे. मेक्सिकोतून ‘चिल्ली’ हा शब्द आपल्या भाषांत उतरला नाही, आणि ‘मोल्ली’ तर मुळीच नाही.

या नामसाम्यामुळे एक प्रमाद मात्र वारंवार होतो. संस्कृत ग्रंथांतील ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त येणाऱ्या या शब्दाचा अर्थ मिरची करणे म्हणजे चार शतके पुढची वस्तू मागे नेणे होय. उलट बाजूने, गोव्यात इ. स. १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात मिरीवर स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाही. एवढ्यावरून मिरची त्या वेळी गोव्यात नव्हतीच, असे म्हणणेही धाडसाचे होईल. परसात उगवणारी आणि व्यापाराच्या हिशेबात न शिरणारी वस्तू ग्रंथकाराच्या दृष्टीतून सहज सुटते.

मग महाराष्ट्रातील ठेचा आणि मेक्सिकोतील साल्सा यांचे साम्य कसे लावावे? भाजलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि दगड ही सामग्री दोन्हीकडे सारखीच आहे. परंतु पाटा-वरवंटा व खलबत्ता आपल्याकडे मिरचीपूर्वीपासून होते, आणि साल्साचा आधार असलेला टोमॅटो आपल्याकडे रुळण्यास मिरचीहून पुष्कळ अधिक काळ लागला. वाळल्या मिरचीचा गर भिजवून रश्श्यास दाटपणा आणण्याऐवजी आपण मुख्यतः तिची पूड केली, म्हणजे मिरीच्याच जागी तिला बसविले. दोन स्वतंत्र परंपरांत एकाच फळाने एकाच साधनाशी गाठ घातली, असे म्हणणे अधिक युक्त होय. जहाजातून बी आले. वाटणारा हात मात्र आला नाही.

उलट दिशेचे उदाहरणही उद्बोधक आहे. इ. स. १५६५ ते १८१५ या काळात मनिला व आकापुल्को यांच्यामध्ये चालणाऱ्या गलबतांनी आशियातील मसाले मेक्सिकोत पोहोचविले. प्वेब्लाच्या प्रसिद्ध ‘मोले’त मिरची व काकाव यांच्याबरोबर दालचिनी व मिरी दिसतात. एका आख्यायिकेप्रमाणे हा पदार्थ तेथील एका ख्रिस्ती मठात निर्माण झाला. पण ‘मोले’ हा शब्दच मोल्लीपासून आला आहे. नवे जिन्नस मठाने घातले असतील. ज्या पायावर ते घातले, तो पाया देशी स्त्रियांच्या पाट्यावरचा आहे. आख्यायिकेने मठाचे नाव राखले आणि पाट्यावरच्या हातांचे नाव गाळले.

तात्पर्य, वस्तूंच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना आणणाऱ्याचे नाव आपण तत्परतेने नोंदवितो, आणि स्वीकारणाऱ्यांचा व मूळ जाणकारांचा वाटा विसरतो. आपल्या बखरी, दफ्तरे, जमाखर्च आणि जुन्या पाकनोंदी या दृष्टीने पुन्हा वाचावयास हव्यात. प्रत्येक नोंदीत मिरी कोठे संपते आणि मिरची कोठे सुरू होते, हे शब्दशः तपासून पाहणे, हे त्या कामाचे पहिले पाऊल होय.