जन्मस्थानाचा रकाना

फेब्रुवारी २०११. जनगणनेचे फॉर्म खांद्याच्या पिशवीत घालून मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत फिरत होते. चार घरांना ओळीने कुलूप. पाचव्या घराच्या ओटीवर एक आजी आमसुलं निवडत बसल्या होत्या. मुलगा गेला का कायमचा मुंबईला, असं विचारलं तर त्या चटकन म्हणाल्या, "गेलाय कुठं? शिमग्याला येईल ना!"

मी भूगोल शिकवते, पण स्थलांतराचा अभ्यास किती अवघड असतो ते मला त्या ओटीवर कळलं. आजींचं माहेर दोन वहाळांपलीकडे. 'पूर्वीचं राहण्याचं ठिकाण' या रकान्यात मी त्या गावाचं नाव लिहिलं, कारणापुढे 'विवाह' भरलं आणि आजी स्थलांतरित झाल्या. तीस वर्षं मुंबईत राबणारा मुलगा मात्र या गावाच्या कागदावर कुठेच नव्हता. त्याची मोजणी तिकडे, चाळीतल्या खोलीत.

माणसांच्या जाण्यायेण्याला काही नियम आहेत का, हा प्रश्न पहिल्यांदा नीट धसास लावला तो अर्न्स्ट जॉर्ज रावेनस्टाइन यांनी. जन्म फ्रँकफुर्टचा, नोकरी इंग्रजांच्या युद्धखात्यात नकाशांची. स्थलांतराला ठाम नियम दिसत नाही, असं विल्यम फार हे संख्याशास्त्रज्ञ म्हणाले होते. रावेनस्टाइननी १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतला जन्मस्थानाचा रकाना घेतला आणि १८८५ मध्ये उत्तर दिलं. बहुतेक माणसं जवळच जातात. प्रत्येक ओघाला उलटा ओघ असतो. देशातल्या देशात बायका पुरुषांहून जास्त हलतात. हा शेवटचा नियम वाचताना मला आमसुलं निवडणारे ते हात आठवतात.

१९४६ मध्ये जॉर्ज झिफ यांनी जवळ जाण्याच्या नियमाला गणिताचं रूप दिलं: दोन गावांमधली ये-जा त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराबरोबर वाढते, अंतराबरोबर घटते. आता हे कोकणाला लावून पाहा. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, मुंबई त्याच्या अडीचपट लांब. मुंबई मोठी, हे सूत्रात बसतं. पण मैल मोजून सह्याद्रीचा घाट मोजला जात नाही. समुद्र मात्र मोकळा होता. आधी गलबतं, मग आगबोटी. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि भातकापणीनंतर जाऊन पावसाआधी परतणारा कोकणी गडी हळूहळू बारमाही गिरणीकामगार झाला. सॅम्युअल स्टाउफर यांनी १९४० मध्येच म्हटलं होतं की अंतरापेक्षा वाटेत संधी किती आहेत ते बघा. मला ते जास्त पटतं. त्यात मी एक गोष्ट जोडीन: ओळख. जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आपल्या गावची पोरं गिरणीत लावायचा. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळायची, पाळीपाळीने झोपायचं. माझे आजोबा असेच लालबागला पोचले. आजीच्या ट्रंकेत त्यांच्या मनीऑर्डरींची कुपनं होती, दोरीत ओवलेली. पैशाच्या आकड्याखाली बोटभर जागेत मजकूर: 'म्हैस विकू नये. मे महिन्यात येतो.' घरचा निर्णय लालबागहून होत होता. असा माणूस मुंबईचा की गावचा? कुठल्याही सूत्राला हे विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे २०११ चे आकडे आले तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. राज्यात ९२९. लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलेली.

त्या वर्षीची होळी १९ मार्चला होती. जनगणनेची फेरतपासणी ५ मार्चलाच संपली होती, माझे फॉर्म तालुक्याला जमा झाले होते. पालखी बघायला मी त्याच वाडीत गेले. चारही कुलपं निघाली होती. अंगणात बायका शेण सारवत होत्या, पोरं मुंबईच्या हिंदीत भांडत होती आणि पाचव्या ओटीवर आजी मुलाच्या ताटात आणखी एक घावन वाढत होत्या.