पैसे कोणाच्या हाती?

शाळेत मुलांना गणवेश वाटायचा की गणवेशाचे पैसे द्यायचे? शिक्षकांच्या बैठकीत हा वाद आपण अनेकदा ऐकलेला असतो. पैसे भलतीकडे खर्च होतील, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, वाटलेला गणवेश मापाचा तरी कुठे असतो? मानसिक आजार असलेल्या माणसांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये हाच वाद अर्धशतक चालला आणि शेवटी त्यावर एक प्रयोगही झाला. त्याची हकीकत पाहू या.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने अपंगांसाठी सेवांची सोय करण्याचे काम स्थानिक कौन्सिलांकडे सोपवले. मात्र सेवेऐवजी रोख रक्कम देण्यास मनाई केली. मनोरुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न तेव्हा फारसा उद्भवतच नव्हता. १९५४ च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळजवळ दीड लाख माणसे मनोरुग्णालयांतच राहत होती. १९६१ साली आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी या खाटा पंधरा वर्षांत निम्म्यावर आणण्याचा मनोदय जाहीर केला. पुढे रुग्णालये हळूहळू रिकामी झाली आणि बाहेर आलेल्यांसाठी वसतिगृहे व दिवसा जाऊन बसायची केंद्रे निघाली. भिंती गेल्या, वेळापत्रक मात्र दुसऱ्यानेच आखायचे, हे तसेच राहिले.

त्याला पहिला धक्का दिला तो शारीरिक अपंगांनी. हॅम्पशायर परगण्यातील ल कोर्ट या निवासी संस्थेतील काही जणांनी 'प्रोजेक्ट ८१' नावाची मोहीम सुरू केली. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हाला संस्थेत ठेवण्यासाठी जो खर्च होतो, तो आमच्या हाती द्या. आमचे मदतनीस आम्ही नेमू. कायदा आडवा येत असल्याने सुरुवातीला पैसे मधल्या संस्थेमार्फत फिरवून द्यावे लागले. १९९६ साली संसदेने डायरेक्ट पेमेंटचा, म्हणजे थेट रोख रकमेचा, कायदा केला आणि तो १९९७ च्या एप्रिलपासून लागू झाला.

मानसिक आजार असलेले लोक या कायद्यात बसत होते, पण त्यांच्यापैकी फारच थोड्यांना रक्कम मिळाली. आजार चढतो-उतरतो, मग हिशोब कोण ठेवणार, ही एक शंका. शिवाय मनोरुग्ण म्हणजे व्यवहार न कळणारा, हा जुना समज. मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीच्या काही आदेशांत असलेल्यांना तर नियमांनीच वगळले होते.

२००५ ते २००७ या काळात इंग्लंडमधील १३ कौन्सिलांत 'व्यक्तिगत बजेट' ही योजना तपासून पाहण्यात आली. माणसाच्या गरजेचा अंदाज घेऊन त्याच्या वाट्याची रक्कम आधी सांगायची. मग ती मदतनिसावर खर्च करायची, पोहण्याच्या तलावावर की चित्रकलेच्या वर्गावर, हे त्याने ठरवायचे. कोणाला बजेट द्यायचे आणि कोणाला नेहमीच्या सेवेवर ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. सुमारे सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील मिळून ९५९ जणांच्या मुलाखती घेतल्या. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, तसे खोटे बजेट देता येत नाही, हे या प्रयोगाचे अंगभूत दुबळेपण. त्यातून बजेट गटातील अनेकांच्या हाती मुलाखतीपर्यंत पैसे पडलेच नव्हते.

तरीही निष्कर्ष बोलके होते. एकंदरीत बजेट गटातील लोकांना आपल्या आयुष्यावर आपला ताबा अधिक आहे असे वाटत होते, आणि सरासरी खर्चात फारसा फरक नव्हता. पण सरासरीवर थांबलो तर आपली फसगत होईल. मानसिक आजार असलेल्यांनी आपल्या जीवनाची प्रत तुलना गटापेक्षा स्पष्टपणे चांगली असल्याचे सांगितले. वृद्धांच्या बाबतीत उलट घडले: बजेट गटातील वृद्धांचे मनःस्वास्थ्य तुलना गटापेक्षा कमी होते. सगळे स्वतः ठरवायचे, हे अनेकांना ओझे वाटले. म्हणजे ज्या गटाला पैसे देताना सर्वांत जास्त कचरत होते, त्याच गटाला बजेट मानवले!

हा अहवाल २००८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच, २००७ च्या डिसेंबरमध्ये, सरकारने अशी बजेटे सरसकट लागू करण्याचे धोरण जाहीर करून टाकले होते, आणि तेही वृद्धांसह! उत्तर हाती येण्याआधी उत्तरपत्रिका छापण्याचाच हा प्रकार. प्रयोगशाळेत आम्ही असे केले असते, तर आमची धडगत नव्हती.

मानसिक आजार असलेल्यांना या घाईचा फायदाच झाला. सक्तीच्या आदेशांखालील लोकांना सरसकट वगळण्याचा नियम २००९ साली उठला. २०१४ च्या केअर ॲक्टने पात्र व्यक्तीच्या वाट्याची रक्कम तिला कळवणे कौन्सिलांवर बंधनकारक केले. मात्र त्याच सुमारास सरकारी काटकसरीत कौन्सिलांचे अनुदान आटत होते. गंभीर अपंगांना १९८८ पासून रोख मदत देणारा स्वतंत्र निधी २०१५ च्या जूनअखेर बंद करण्यात आला. बजेट आपल्या हाती आहे, पण त्यात आठवड्याला मदतनिसाचे दोनच तास बसतात, अशी वेळ आली तर माणसाने ठरवायचे तरी काय?

२०१९ च्या डिसेंबरपासून, उपचारासाठी सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या ज्या माणसांना सुटकेनंतर कायद्याने विनामूल्य साहाय्य मिळते, त्यांना त्या साहाय्यासाठी व्यक्तिगत आरोग्य-बजेट मागण्याचा हक्क मिळाला. प्रोजेक्ट ८१ मधील मंडळी संस्थेबाहेर पडण्यासाठी झगडत होती, त्याला तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.