दोरापासून तारेपर्यंत : बीड जिल्ह्यातील पिळाच्या तंत्राचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९७१ मध्ये तेथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला; १९८० मध्ये २१० मेगावॅटच्या संचाची भर पडली. मात्र ही वीज वाहून नेणारी तार आणि ती वळणारे यंत्र इतिहासलेखनात दुर्लक्षितच राहिले. या यंत्राचे तत्त्व व ग्रामीण दोरकाम यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोराचा पीळ :
मराठवाड्यात अंबाडी व घायपाताच्या वाखापासून दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. वाखाचे धागे आखूड असतात. म्हणून प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ भरून सर्व पदर उलट दिशेने एकत्र वळले जातात. दोन्ही पीळ परस्परांना रोखून धरतात आणि दोर सुटत नाही. जर्मनीतील हार्झ पर्वतातील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये तयार केलेला लोखंडी तारांचा दोरही हातानेच वळलेला होता.

तारेचा पीळ :
स्ट्रँडिंग यंत्राने हेच काम गणिती शिस्तीत बसविले. फिरत्या पिंजऱ्यातील बॉबिनांवरून सुटलेल्या तारा डायमध्ये एकत्र येतात व कॅपस्टन त्यांना पुढे ओढते. समान जाडीच्या एका तारेभोवती ६, त्याभोवती १२, नंतर १८ व २४ तारा बसतात. प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट दिशेने वळलेला असतो. २२० किलोव्होल्ट वाहिनीच्या ‘झेब्रा’ तारेत आतील ७ तारा पोलादाच्या असून त्या ताण पेलतात. बाहेरच्या ५४ ॲल्युमिनियमच्या तारा वीज वाहतात. येथे एक मूलभूत भेदही आहे. वाखाला पिळाच्या घर्षणानेच बळ येते. धातूची तार मुळात अखंड असल्याने ती स्वतःभोवती पिळली जाऊ नये, यासाठी काही यंत्रांत बॉबिनांना उलट गती दिली जाते.

विहिरीवरील स्थित्यंतर :
मोटेला नाडा व सोंदूर लागे. एका पोलादी तारेभोवती ६ ॲल्युमिनियमच्या तारा वळलेली वाहिनी शिवारात पोहोचली, विहिरीवर विद्युत पंप बसला आणि मोट थांबली. मोटेसोबत तिच्या दोरांची मागणीही संपली. यंत्राच्या पिळाने हाताच्या पिळाला विस्थापित केले. तंत्राचे तत्त्व एकच असूनही एकाची गणना अभियांत्रिकीत, तर दुसऱ्याची बलुत्यात झाली.

निष्कर्ष :
बलुतेदारीतून सुटका होणे न्याय्यच होते. परंतु त्या व्यवस्थेबरोबर तिच्यातील ज्ञानही अडाणी ठरविले गेले, ही इतिहासलेखनाची उणीव होय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हट्टी माणसासाठी वापरली जाते. ज्ञानाच्या बाबतीत मात्र पीळ जाणणारे हात काळाआड गेले, की पीळही जातो. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी दोर वळणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या मुलाखती व अवजारांच्या नोंदी घेण्याचे काम विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.