संगणकाचा कारभार आणि त्याची दारे

पिठाच्या गिरणीत दोन प्रकारची कामे चालतात. दळण टाकणे हे एक, आणि दगडांमधील अंतर कमीअधिक करून पीठ बारीक निघावे की जाडसर हे ठरविणे हे दुसरे. दळण गिऱ्हाइकाचे, पण दगडाचे चाक फिरविण्याचा अधिकार गिरणीवाल्याचा. गिऱ्हाइकाने त्या चाकाला हात लावू नये हा संकेत सर्वत्र पाळला जातो, आणि गिऱ्हाइकालाही त्यात काही गैर वाटत नाही. आगगाडी, छापखाना, कापडाचा माग अशा बहुतेक यंत्रांच्या बाबतीत हीच वाटणी चालत आली आहे. वैयक्तिक संगणकाने मात्र ती मोडली. हे यंत्र घराच्या टेबलावर येऊन बसले आणि गिऱ्हाईकच गिरणीवाला झाला. पडद्याचा उजेड, अक्षरांचा आकार, घड्याळ, छपाईचे यंत्र, लिहावयाची भाषा या साऱ्यांची व्यवस्था ज्या जागी बसून लावावयाची, तिला आज 'सेटिंग्ज' असे म्हणतात. नवल असे की, या एका जागी जाण्यासाठी एक वाट नाही. एकाच यंत्रावर तेथे पोचण्याचे पाच-सहा मार्ग सहज सापडतात, आणि त्यांतील प्रत्येक मार्ग निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या माणसांसाठी पाडलेला आहे.

त्यांतील सर्वांत जुनी वाट बोटांची होय. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' हे यंत्र झळकले, आणि हौशी माणसाला विकत घेता येण्याजोगा संगणक म्हणून त्याचा बोलबाला झाला. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथील एका लहान कंपनीने ते सुट्या भागांच्या रूपाने विकावयास काढले होते. त्याला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. दर्शनी फळीवर खटक्यांची रांग आणि तिच्या वर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांच्या ओळी, एवढाच त्याचा चेहरा. एकेक खटका वरखाली करून आज्ञा भरावयाच्या आणि दिव्यांवरून उत्तर वाचावयाचे. यंत्राला काम सांगणे आणि यंत्राची व्यवस्था लावणे यांत तेथे भेदच नव्हता. कारभाराच्या खोलीला दार नव्हते, कारण मुळात भिंतच उभी राहिली नव्हती.

ती भिंत उभी राहिली १९८१ च्या ऑगस्टमध्ये, आय. बी. एम. कंपनीचा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आला तेव्हा. या यंत्राला देखणे आवरण होते आणि त्याच्या आत, मुख्य फळीवर, इवल्याशा खटक्यांचे आठ-आठांचे दोन संच होते. फ्लॉपीचे चालक किती, स्मरणसाठा किती, पडदा कोणत्या जातीचा, हे त्या खटक्यांवरून यंत्राला कळत असे. म्हणजे स्मरणसाठा वाढविला की स्क्रू काढा, झाकण उतरवा आणि बॉलपेनाच्या टोकाने खटका सरकवा. शिसपेन्सिल वापरू नये, तिची भुकटी आत जाते, असाही इशारा त्या काळच्या पुस्तिकांतून देत असत. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, याच कंपनीच्या 'ए. टी.' या यंत्रात बहुतेक खटके गेले आणि ही माहिती एका छोट्या घटाच्या जोरावर जिवंत राहणाऱ्या स्मृतिकोशात साठू लागली. ती भरण्यासाठी एक स्वतंत्र फ्लॉपी लावावी लागे. घट निकामी झाला की यंत्राला स्वतःच्या चकतीचीही ओळख राहत नसे, आणि मग '१६१' हा अंक पडद्यावर उमटून पुन्हा सारी माहिती भरण्याची आज्ञा होई. चकतीच्या जातीचा क्रमांक जाणती माणसे म्हणूनच कागदावर टिपून ठेवीत.

पुढे ती फ्लॉपीही नकोशी झाली आणि व्यवस्थेची पाटी यंत्रातच कायमची कोरून ठेवण्यात आली. ती उघडण्याची कळ मात्र प्रत्येक घराण्याची वेगळी. कोठे 'डिलीट', कोठे 'एफ-दोन', कॉम्पॅकच्या यंत्रात 'एफ-दहा', थिंकपॅडमध्ये 'एफ-एक'. तीही यंत्र सुरू होताना पहिल्या काही क्षणांतच दाबावयाची. क्षण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये संगणक जुळवून देणाऱ्या कारागिरांना या कळा तोंडपाठ असत. गिरणीवाल्याचे चाक गिऱ्हाइकाच्या घरात आले होते खरे, पण ते फिरविण्यासाठी अजून गिरणीवाल्यालाच बोलवावे लागत होते.

याच सुमारास दुसरी एक वाट लेखणीची होती. १९८३ मध्ये आलेल्या 'डॉस'च्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'कॉन्फिग.सिस' नावाची एक साधी मजकुराची फाईल यंत्र सुरू होताना वाचली जाई. एकाच वेळी किती फाईली उघडाव्यात, कोणते उपकरण जोडले आहे, तारीख कोणत्या देशाच्या रिवाजाने लिहावी, असे सारे तीत ओळीओळीने लिहावयाचे. एक अक्षर चुकले तर ती ओळ वाया जाई. ही वाट अवघड असली तरी प्रामाणिक होती, असे म्हणणे भाग आहे. जे लिहिले तेच घडे, आणि जे घडे ते लिहिलेले सापडे. लिनक्सच्या जगात ही परंपरा आजही जिवंत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ने २००७ मध्ये पुढे आणलेल्या 'बॉस' या भारतीय लिनक्सच्या पोटातही अशाच मजकुराच्या फाईली आहेत.

खटके आणि मजकूर या दोहोंना बाजूला सारून चित्राचे दार उघडण्याचा मान मात्र कॅलिफोर्नियाला जातो. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने काढलेल्या 'स्टार' या संगणकाच्या कळफलकावर वस्तूचे गुणधर्म दाखविणारी एक खास कळच होती. पडद्यावरील वस्तू निवडावी, ती कळ दाबावी, आणि त्या वस्तूची सारी कुंडली समोर यावी, ही ती कल्पना. यंत्र महागडे असल्यामुळे ते फारसे खपले नाही. कल्पना मात्र टिकली. पुढे जानेवारी १९८४ मध्ये 'अॅपल'चा मॅकिंटॉश आला आणि त्याच्या सफरचंदाच्या यादीत 'कंट्रोल पॅनेल' हे नाव झळकले. अँडी हर्ट्झफेल्ड या कारागिराने रचलेले आणि सुझन केअर या चित्रकर्तीने रंगरूप दिलेले ते पान पाहण्यासारखे होते. त्यावर शब्द जवळजवळ नव्हतेच. आवाज कमीअधिक करण्याची सरकपट्टी होती, घड्याळ होते. आणि कळ दाबून धरली असता अक्षर किती वेगाने पुन्हापुन्हा उमटावे हे ठरविण्यासाठी एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढला होता. बालपणीच्या गोष्टीतील ती जोडी ओळखण्यास कोणतीही भाषा यावी लागत नाही. यंत्राचा कारभार निरक्षरालाही कळावा असा प्रयत्न या क्षेत्रात इतक्या निर्मळपणे त्यानंतर क्वचितच झाला असेल. पर्याय वाढत गेले तशी चित्रांची जागा शब्दांनी घेतली. १९९१ च्या 'सिस्टिम सेव्हन'मध्ये त्या एका पानाची अनेक पाने होऊन त्यांची स्वतंत्र थैली करावी लागली.

'मायक्रोसॉफ्ट'च्या 'विंडोज'मध्ये कंट्रोल पॅनेल पहिल्यापासूनच, म्हणजे १९८५ पासून होते; परंतु घराघरांत त्याची ओळख झाली ती 'विंडोज ९५'मुळे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ते विक्रीस आले. त्याच्या डाव्या कोपऱ्यातील 'स्टार्ट' या बटनावरून 'सेटिंग्ज' आणि तेथून 'कंट्रोल पॅनेल' हा त्याचा राजरस्ता. पण या वाड्याला दिंडीही होती आणि परसदारही. 'माय कॉम्प्युटर' उघडले तर तेच कंट्रोल पॅनेल तेथे हजर. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबली तर 'प्रॉपर्टीज' हा शब्द येई आणि रंगरूपाची खिडकी उघडे. झेरॉक्सच्या त्या कळेचाच हा वंशज. 'रन'च्या चौकटीत 'कंट्रोल' एवढा शब्द लिहिला तरी काम होई. खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि 'पॉझ' ही कळ एकदम दाबली तर यंत्राची जन्मपत्रिका समोर येई. एवढी दारे ठेवण्यामागे गोंधळ नव्हता, हिशेब होता. मजकुराच्या आज्ञांना सरावलेला, चित्रे शोधणारा, आणि हात कळफलकावरून न उचलणारा, अशा तिघांनाही एकाच घरात नांदवावयाचे होते.

ही दारे बंद करण्याची सोयही त्याच घरात होती, हे विसरता येत नाही. कचेऱ्यांतून आणि सायबर कॅफेंतून व्यवस्थापक कंट्रोल पॅनेलला कुलूप घालीत, आणि आत जाऊ पाहणाऱ्यास 'या संगणकावर निर्बंध असल्यामुळे ही क्रिया रद्द केली आहे' अशा अर्थाची इंग्रजी सूचना मिळे. गिरणीवाला पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभा राहिला होता.

मराठी माणसाच्या दृष्टीने या दारांना जे महत्त्व आले, ते त्याच्या अक्षरामुळे. १९८० नंतरच्या दशकात देवनागरी हवी असेल तर 'जिस्ट' नावाचे कार्ड संगणकाच्या पोटात बसवावे लागे. म्हणजे पुन्हा झाकण आणि स्क्रू. २००० साली आलेल्या 'विंडोज २०००'मध्ये देवनागरी प्रथमच मूळ प्रणालीत शिरली आणि हिंदी, मराठी, कोकणी व संस्कृत या भाषांना जागा मिळाली. पण ती जागा बंद कपाटात होती. २००१ च्या 'विंडोज एक्सपी'वर कंट्रोल पॅनेल उघडावे, त्यातील प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांच्या खिडकीत जावे, 'लँग्वेजेस' हे पान काढावे, आणि तेथे एका चौकोनात खूण करावी. त्या चौकोनापुढील वाक्यात मराठीचे नाव नव्हते, हिंदीचे नव्हते, भारताचेही नव्हते. 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा', आणि कंसात थाई, एवढाच त्याचा आशय. आपली बाळबोध लिपी त्या वाक्यात बसते हे आधी कोणी सांगितल्याखेरीज कळणार कसे? शिवाय खूण केल्यावर यंत्र मूळ सीडी मागे, आणि ती कित्येकांजवळ नसे.

ती खूण केली नाही तर काय होई, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. 'स्थिती' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसण्याऐवजी पलीकडे जाई. जोडाक्षर फुटून 'स'चा पाय मोडलेला दिसे. बडोद्याच्या वा इंदूरच्या मराठी घरात परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र युनिकोड देवनागरीत आले, तर ते असे विस्कटून वाचावे लागे. तेव्हा एका खिडकीपर्यंतची वाट ठाऊक असणे आणि नसणे, यांवर स्वतःची भाषा धडपणे दिसणे अवलंबून होते. त्याच खिडकीत लाख-कोटींच्या रिवाजाने स्वल्पविराम देण्याचीही सोय होती. बहुतेकांनी ती कधी पाहिली नाही. २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या 'व्हिस्टा'पासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

त्याच 'व्हिस्टा'ने शोधाची चौकट आणली. वाट पाठ करण्याचे कारण नाही, हवे ते नाव लिहावे. इंग्रजी जाणणाऱ्यास हा मोठाच दिलासा वाटला. परंतु ज्याने वाट जागेवरून आणि चित्रावरून ओळखली होती, तिसऱ्या ओळीतील दुसरे चित्र अशी खूणगाठ मनाशी बांधली होती, त्याला वस्तूचे नावच ठाऊक नव्हते. त्याच्यापुरते नवे दार सोपे नसून अधिक अवघड होते. आणि त्याची ती खूणगाठही फार दिवस राहावयाची नव्हती. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या 'विंडोज ८'ने 'स्टार्ट'चे बटनच काढून टाकले. माऊस उजव्या कोपऱ्यात न्यावा, एक पट्टी सरकत बाहेर येईल, तीत 'सेटिंग्ज' दिसेल, असा नवा रिवाज पडला. बोटाने पडदा सरकविणाऱ्यांसाठी तो ठीक होता. टेबलावरच्या संगणकापुढे बसलेला माणूस मात्र स्वतःच्या घरात वाटसरू झाला. तक्रारी इतक्या झाल्या की पुढच्याच वर्षी ते बटन परत आणावे लागले.

याच वर्षांत एक गमतीची उलथापालथ झाली. नवी यंत्रे इतकी चपळ झाली की सुरुवातीची ती कळ दाबण्यास सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी अवधी उरला. मग 'शिफ्ट' दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि तेथून पायरीपायरीने त्या मूळ व्यवस्थेकडे जावे, अशी सोय विंडोजमध्येच करण्यात आली. वेशीवरची चावडी गावाच्या मध्यभागी हलविण्यासारखाच हा प्रकार.

२०१५ च्या 'विंडोज १०'ने दातेरी चाकाचे चिन्ह असलेली 'सेटिंग्ज' ही स्वतंत्र खिडकी पक्की केली. खिडकीची कळ आणि 'आय' ही तिची जोडकळ. मॅकिंटॉशच्या घराण्यातही २००१ पासून रुजलेले 'सिस्टिम प्रेफरन्सेस' हे नाव २०२२ मध्ये जाऊन 'सिस्टिम सेटिंग्ज' आले, आणि चित्रांच्या रांगांऐवजी फोनसारखी लांबलचक यादी आली. विंडोजमध्ये मात्र जुने कंट्रोल पॅनेल गेले नाही. २०२० पासून 'पॉझ'ची ती जोडकळ जुन्या पानाऐवजी नव्या खिडकीत नेऊ लागली. दार तेच, आतली खोली बदललेली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'च्या एका मदतपानावर कंट्रोल पॅनेल निरोपाच्या मार्गाला लागल्याचे वाक्य आले. त्यावर जगभर चर्चा उठताच काही दिवसांत ते वाक्य सौम्य करण्यात आले: त्यातील अनेक गोष्टी नव्या जागी हलविल्या जात आहेत, इतकेच.

२०२१ मध्ये आलेल्या 'विंडोज ११'वर माऊसची बारीकसारीक व्यवस्था लावू पाहणारा माणूस प्रथम गोलसर कोपऱ्यांच्या नव्या खिडकीत शिरतो, 'माऊसचे आणखी पर्याय' या अर्थाच्या ओळीवर बोट ठेवतो, आणि समोर येते ती जुन्या घडणीची छोटीशी करडी खिडकी. 'रन'च्या चौकटीत 'कंट्रोल' हा शब्द लिहिला, तर तेथेही जुनेच दार उघडते.