स्त्रीप्रतिमा, वत्सगुल्म साहित्यपरंपरेतील

काव्य, नाटक, चित्रपट इ. माध्यमांतून स्त्री व पुरुष यांच्या स्वभावाची काही ठरावीक चित्रे पुनःपुन्हा रंगविली जातात आणि कालांतराने तीच स्वाभाविक मानली जातात. मराठी प्रदेशातील अशा साचेबंद स्त्रीप्रतिमांचा एक प्राचीन दुवा विदर्भातील वाशिम येथे सापडतो. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण म्हणजेच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी वत्सगुल्म होय.

या प्रतिमांचे मूळ नाट्यशास्त्रातील वर्गीकरणात दिसते. भरताने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे चार प्रकार मानले असून ते त्याच्या स्वभावावर आधारलेले आहेत. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, कलहांतरिता, अभिसारिका इ. अष्टनायिकांचे भेद मात्र प्रियकराशी असलेल्या संबंधाच्या अवस्थेवरून पडतात. स्त्रीपात्रांचे इतर भेदही शास्त्रकारांनी सांगितले आहेत. पण काव्य, चित्र व नृत्य यांत अष्टनायिकाच अधिक रूढ झाल्या. पुरुष स्वतः कसा आहे आणि स्त्री कोणाची व कोणत्या अवस्थेत आहे, असे हे दोन भिन्न निकष आहेत.

वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन (इ. स. चौथे शतक) याने हरिविजय हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही; तथापि आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र इत्यादींच्या ग्रंथांतील निर्देशांवरून व अवतरणांवरून त्याची कल्पना येते. रुसलेल्या सत्यभामेच्या समाधानासाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात वृक्ष आणतो, असे त्याचे कथानक आहे. रसाला अनुकूल असे कथानक रचावे, या तत्त्वाचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने या काव्याचा उल्लेख केला आहे. प्रियेच्या अनुनयासाठी पारिजातहरण ही योजना इतिहासग्रंथांत नसतानाही कवीने केली, असे स्पष्टीकरण अभिनवगुप्ताने दिले आहे. येथे मत्सरी व मानिनी नायिकेचा संकेत कथेतून निघालेला नाही. उलट त्या संकेतासाठी कथेला वळण दिले गेले. साचा कसा कार्य करतो, हे यावरून ध्यानात येते.

राजशेखर (सु. ९००) याच्या लेखनात या परंपरेची दोन्ही अंगे आढळतात. काव्यमीमांसेत त्याने सरस्वतीपुत्र काव्यपुरुष आणि त्याला प्रेमपाशात बांधण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्यावधू यांचे रूपक योजिले आहे. ती त्याच्यामागून देशोदेशी फिरते. तिच्या वेशावरून, नृत्यगीतादी विलासांवरून व त्याच्या वाणीवरून प्रवृत्ती, वृत्ती व रीती ठरतात. शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्व पद्धतीने विवाह होतो. साहित्यविद्येसारख्या ज्ञानशाखेलाही येथे पतीला वश करणाऱ्या वधूचेच रूप मिळाले आहे. कर्पूरमंजरी या सट्टकातील नायिकाही मंत्रबळाने राजापुढे आणली जाते, ती वत्सगुल्माहूनच. याच कृतीच्या प्रस्तावनेत संस्कृत रचना पुरुषासारखी कठोर व प्राकृत रचना स्त्रीसारखी सुकुमार, असा भेद करून राजशेखराने भाषांवरही हा साचा लादला आहे.

तथापि पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्काराचा संबंध आत्म्याशी असतो, स्त्रीपुरुषभेदाशी नव्हे, असे त्यानेच काव्यमीमांसेत स्पष्टपणे म्हटले आहे. राजकन्या, अमात्यकन्या, गणिका इत्यादींमध्ये शास्त्रनिपुण व कवी असलेल्या स्त्रिया दिसतात, असे सांगून तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची काव्यविषयक मते आदराने उद्धृत करतो. कर्पूरमंजरीचा पहिला प्रयोग तिच्याच इच्छेने झाला. गाथासप्तशतीच्या परंपरेत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी या कवयित्रींची नावे येतात. वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील प्रभावती गुप्त हिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य केले आणि स्वतःच्या नावाने दानपत्रे दिली. त्यांत तिने पित्याचे, म्हणजे गुप्तांचे, कुलवृत्त सांगितले आहे. राज्य करणारी व शास्त्रचर्चा करणारी स्त्री समाजाला अज्ञात नव्हती; तिला काव्यातील नायिकेचे स्थान मात्र क्वचितच मिळाले. म्हणून साचेबंद प्रतिमांना तत्कालीन स्त्रीजीवनाचा थेट पुरावा मानणे योग्य नव्हे.

प्रियकराच्या वा पतीच्या संबंधातून नायिका रेखाटण्याची प्रथा आधुनिक मराठी रंगभूमीवरही टिकून राहिली. मानापमान (१९११) मधील मानी भामिनी व एकच प्याला (१९१९) मधील सोशिक सिंधू या दोन्ही भूमिका बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुष नटाने, लोकप्रिय केल्या आणि त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण प्रत्यक्ष स्त्रियांनी केले. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटातील तारामतीही अण्णा साळुंके या नटानेच रंगविली. व्ही. शांताराम यांच्या कुंकू (१९३७) या चित्रपटात शांता आपटे यांनी साकारलेली नीरा वृद्धाशी लादलेला विवाह मनाने नाकारते; तेथे नायिकेचा स्वतंत्र निर्णय हाच कथानकाचा कणा झाला. लोकमाध्यमांतील स्त्रीप्रतिमेचे परीक्षण करताना पात्राच्या गुणदोषांइतकाच हा निकष महत्त्वाचा ठरतो : पुरुषाशी असलेले नाते वगळले, तर त्या पात्राचे काही उरते किंवा नाही.