वऱ्हाडचा पट्टा

भोकरदनहून धाडच्या वाटेने निघाले की थोड्याच वेळात जिल्हा बदलतो. आज त्याचे कुणाला काही वाटत नाही. परंतु १८५३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, ही नुसती जिल्ह्याची शीव नव्हती. अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी अंमलाचे वऱ्हाड. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. इकडे कचेरीत आधी फारसी व मग उर्दू, तिकडे मराठी. मालाची ने-आण करावी तर करोडगिरीची जकात. वऱ्हाडात दिलेली लेक माहेरी यायची ती दुसऱ्या अंमलातून यायची. आणि नवल असे की, कागदावर दोन्हीकडचा मालक एकच होता!

हे कसे घडले ते भगिनींनी समजून घेण्याजोगे आहे. शेत गहाण टाकणे, पट्ट्याने देणे, मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, हे शब्द आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. इथे शेताच्या जागी सबंध मुलूख होता, एवढाच फरक.

प्रारंभ आपल्याच परिसरात झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. त्याआधी शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा तळ भोकरदनच्या बाजूस आहे, अशी खबर वेलस्लीला मिळाली होती. लढाईत मराठ्यांचा पराभव झाला आणि डिसेंबरात दोन तह झाले. देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला. त्यात जालना व गांडापूर ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. पुढे २८ एप्रिल १८०४ च्या वाटणीच्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड व हा मुलूख आपला दोस्त म्हणून निजामाला दिला.

निजामाच्या नावाने एक फौज होती, तिला कंटिंजंट म्हणत. अंमलदार इंग्रज, खर्च निजामाचा. जालना, औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर येथे तिची ठाणी होती. पगार थकत गेला, कंपनी उचल देत गेली, आणि कर्जाचा आकडा पन्नास लाखांच्या आसपास गेला. जी फौज निजामाच्या हुकुमात नाही तिच्या पगारापायी त्याचाच मुलूख जावा, हा व्यवहार कोणत्या सावकाराला शोभला नसता! २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. मालकी निजामाची राहिली. उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवावा, दरसाल हिशेब द्यावा व उरेल ते परत करावे, असे ठरले. हे सरळसरळ ताबेगहाणच म्हणावे.

१८६० च्या तहात कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांकडेच राहिले, आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. माझ्या मते खरे नुकसान इथेच झाले. कर्ज फिटल्यावर गहाण सुटायला हवे. इथे कर्ज गेले आणि ताबा राहिला. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली. १८७६ साली ते विलायतेसही गेले, पण उपयोग झाला नाही.

शेवटी १९०२ साली लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस आले. महबूब अली खान यांच्याशी बोलणी झाली आणि ५ नोव्हेंबरच्या कराराने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले गेले. खंड दरसाल २५ लाख रुपये. (चीनकडून हाँगकाँगलगतचा मुलूख इंग्रजांनी १८९८ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि १९९७ साली तो परत करावा लागला. वऱ्हाडच्या पट्ट्याला मुदतच नव्हती.) १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे! म्हणून तिकडचे कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत; ते वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत.

उस्मान अली खान यांनी १९२३ साली वऱ्हाड परत मागितले. १९२६ साली व्हॉइसरॉय रीडिंग यांनी रोखठोक उत्तर दिले, की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणाही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत. १९३६ च्या करारात निजामाच्या वाट्याला मान तेवढा आला: वऱ्हाडात त्याचा ध्वज इंग्रजी ध्वजाशेजारी, आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी.

या साऱ्या तहनाम्यांत एक गोष्ट कुठेच सापडत नाही. वऱ्हाडच्या किंवा आपल्या बाजूच्या रयतेला कुणी एका शब्दाने विचारले, असे दिसत नाही. मुलूख दिला, घेतला, गहाण टाकला, पट्ट्याने लावला. त्यात राहणारी माणसे शेतातल्या झाडांसारखी धरली गेली. पुढे रझाकारांच्या काळात याच शिवेचा आसरा झाला. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे जीव मुठीत धरून पलीकडे गेली, आणि उमरखेडसारख्या ठिकाणी सत्याग्रहींची केंद्रे उभी राहिली. पट्ट्याने गेलेला मुलूखच आपल्या माणसांच्या उपयोगी पडला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली आणि वऱ्हाडवरील निजामाच्या नाममात्र मालकीला काही अर्थ उरला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व वऱ्हाड दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ‘प्रिन्स ऑफ बेरार’ आझम जाह १९७० साली वारले, आणि पुढच्याच वर्षी संस्थानिकांच्या पदव्या व तनखे घटनादुरुस्तीने रद्द झाले. आपला तालुका १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता, नंतर जालन्यात आला. धाड पूर्वीप्रमाणे बुलढाण्यातच आहे.