प्रिन्सेस डॉकच्या तळाशी उभं जंगल

आजची गोष्ट मुंबईच्या गोदीतली आहे आणि तिचा हिरो आहे खैर. हो, तोच, ज्याचा काथ आपण पानात घालतो.

१८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू होतं. निळसर चिकणमातीचा जाड थर उपसला आणि खाली निघाली झाडं. एखाद-दुसरा ओंडका नाही, साडेतीनशेच्या वर झाडं! काही आडवी पडलेली, पण बरीचशी चक्क उभी, मुळं खालच्या मुरमात रोवलेली. आणि ही सगळी जागा भरतीच्या पाण्याच्या कितीतरी खाली. पुढे अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना असंच जंगल पुन्हा सापडलं.

आता बघा, खैर म्हणजे काही तिवर नव्हे. त्याला कोरडी जमीन लागते. ओंडका वाहत येऊ शकतो, पण उभं झाड वाहत येऊन मुरमात रुजत नाही. म्हणजे इथे एकेकाळी जमीन होती. मग समुद्र वर आला, की मुंबई खाली गेली?

तेव्हाचे भूवैज्ञानिक म्हणाले, जमीन खचली. कारण बेटाच्या पश्चिमेला उलटाच पुरावा होता. शंखशिंपले आणि वाळू घट्ट होऊन झालेला दगड, ज्याला आपल्याकडे करळ म्हणतात, तो तिथे भरतीरेषेच्या वर दिसतो. पाणी वाढलं तर दोन्हीकडे सारखंच वाढणार ना! म्हणून त्यांचा अंदाज असा, की बेटच कललं.

मला हा तर्क आवडतो, पण तो अर्धाच आहे. साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. (परशुरामाने समुद्र मागे हटवला म्हणतात, गेल्या २०,००० वर्षांचा हिशोब मात्र बरोबर उलटा आहे.) याची खूण मुंबईसमोरच्या समुद्रात आहे. तिथल्या एका सपाट भागाला ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणतात. ५० फॅदम म्हणजे जवळपास ९१ मीटर. तिथे चुन्याच्या बारीक गोल कणांचा दगड मिळतो. हे कण उबदार, उथळ आणि सतत हलत्या पाण्यातच बनतात, इतक्या खोलवर नाही. म्हणजे किनारा तिथे होता! विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया बँक’ आहे. प्रवाळांचं ते बुडालेलं पठारही तेव्हा पाण्याबाहेर असणार.

आणि त्या किनाऱ्यावर माणसं राहत असतील, तर त्यांच्या खुणाही पाण्याखालीच. इथेच आपली कल्पना सुसाट सुटते. २००१ मध्ये खंबातच्या आखातात सोनारवर चौकोनी आकार दिसले, तळातून लाकडाचा एक तुकडा काढला, त्याचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं आणि ‘बुडालेलं शहर’ अशी बातमी झाली. अजूनही व्हॉट्सॲपवर फिरते. पण तो तुकडा उपसून काढलेला होता आणि त्या आखातात भरतीचे प्रवाह प्रचंड. तो कुठून आला, कोण सांगणार? लाकूड जुनं निघालं म्हणून शहर जुनं ठरत नाही. गोदीतल्या खैराचं म्हणून महत्त्व: तो जिथे वाढला, तिथेच सापडला.

प्रिन्सेस डॉक आता भराव टाकून बुजवलाय. तिथे जाऊन काही दिसणार नाही. करळ मात्र कोकणात अजून बघायला मिळतो, जुन्या बांधकामांतही वापरलेला असतो.